खाडीतून आणलेल्या आरसी बोटीचं झाकण लगेच बंद करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. रिमोटवर चालणारी (आरसी) ६५ सेंटिमीटरची ब्रशलेस इलेक्ट्रिक बोट, ३एस (तीन सेलची) ५००० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रॉपेलरपर्यंत जाणारी लवचिक स्टीलची केबल), पाण्याने थंड होणारी मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट). अलिबागजवळच्या खाडीत दोन बॅटऱ्या उतरेपर्यंत बोट चालवली. घरी आणून कोरड्या फडक्याने नीट पुसली, झाकण लावलं, बॅटऱ्या पुन्हा फुल चार्ज करून कपाटात ठेवल्या. पाच आठवड्यांनी काढून पाहिली तर प्रॉपेलर हाताने फिरवताना खरखर लागते, मोटरच्या तोंडाशी तांबूस डाग आहेत आणि एक बॅटरी मधोमध फुगली आहे. 'खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलं होतं. मग काय चुकलं, आणि दर वेळी नेमकं काय काय करायचं?'

बोट पुसलीत ते बरोबरच केलंत. पण जिथे फडकं पोचतं तिथे इलेक्ट्रिक बोटीचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते शाफ्टच्या नळीत, मोटरच्या बेअरिंगमध्ये, कूलिंगच्या नळ्यांत आणि कनेक्टरच्या पोटात. या चारही जागा तुमच्या बोटीत खाऱ्या पाण्यासकट झाकणाखाली बंद झाल्या आणि पाच आठवडे तशाच राहिल्या. खाडीतल्या तासाभरात झालेलं नुकसान नगण्य असेल, बहुतेक सगळं कपाटात झालेलं आहे. बॅटरीचं दुखणं वेगळं आहे. तिचा पाण्याशी संबंध नाही, तिच्याकडे नंतर येतो.

वॉटरप्रूफ म्हणताना कंपनीला एवढंच म्हणायचं असतं, की ईएससी, रिसीव्हर आणि सर्व्हो (रडर, म्हणजे सुकाणू वळवणारी छोटी मोटर) यांच्या आतल्या सर्किटवर पाणी अडवणारं आवरण आहे आणि चार थेंब उडाले तर बोट तिथल्या तिथे बंद पडणार नाही. बेअरिंग, स्टीलची केबल, सोल्डरचे जोड आणि कनेक्टरच्या पिना यांना ते आवरण नसतं. गंजतात त्याच वस्तू.

काही गोष्टी परिस्थितीप्रमाणे बदलतात, त्या आधीच सांगतो. तलावाच्या किंवा धरणाच्या गोड्या पाण्यात चालवली असेल तर खाली सांगितलेलं धुण्याचं काम जवळजवळ गळतं, सुकवणं आणि ग्रीस मात्र राहतंच. छोट्या बोटींत फ्लेक्स केबलऐवजी सरळ कडक शाफ्ट असतो. त्याला केबलइतकं जपावं लागत नाही, तरी तोही काढून पुसावाच लागतो. जेट ड्राइव्हची बोट असेल तर वाळू आणि इंपेलर हा वेगळाच विषय होतो. पुढचं सगळं तुमच्यासारख्या, म्हणजे फ्लेक्स शाफ्ट आणि मागे स्ट्रट (शाफ्टच्या मागच्या टोकाला आधार देणारा धातूचा भाग) असलेल्या बोटीसाठी आहे.

खाऱ्या पाण्याचं आधी पाहू, कारण तुमच्या बिघाडाचं मूळ तिथे आहे. मीठ एकदा सुकलं की संपलं, असं होत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून पुन्हा विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याच कारणाने. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि ३३ टक्क्यांइतकी कोरडी हवा किनाऱ्यावर क्वचितच मिळते. म्हणून खाडीचं पाणी नुसतं सुकू दिलंत तर मागे उरलेला क्षारांचा थर कपाटातही ओलसर राहतो आणि स्टील गंजत राहतं. खाऱ्या पाण्यानंतर पहिलं काम गोड्या पाण्याने धुण्याचं, सुकवणं त्याच्यानंतर. हा क्रम उलटा झाला की पंख्यासमोर कितीही वेळ ठेवा, उपयोग कमी.

त्यात भर म्हणजे बोटीत वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून बसलेले असतात. स्ट्रट आणि रडरचा ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, नळी पितळेची. अशा जोड्यांमध्ये खारं पाणी आलं की बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली तर ती हीच झीज. पितळेवर हिरवा कळंक चढतो तो मात्र वरवरचा असतो, घासला की जातो.

आता काठावरचं काम. बोट हातात आली की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, रिमोट त्यानंतर बंद करायचा. रिमोट आधी बंद केला आणि रिसीव्हरचं फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सेटिंग) नीट लावलेलं नसलं तर मोटर अचानक फिरू शकते. धातूच्या प्रॉपेलरची धार ब्लेडसारखी असते. बॅटरी जोडलेली असताना प्रॉपेलरला हात लावायचा नाही, इथे सूट नाही.

बॅटरी सोडवल्याबरोबर मोटर, ईएससी, बॅटरी आणि कनेक्टर यांना एकेक करून हात लावून पाहा. दोन मिनिटं गेली की ही माहिती हातातून जाते. हात टेकवून ठेवता येत नसेल तर ती वस्तू ६० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. मोटर तापली आणि ईएससी गार असेल तर बहुधा शाफ्ट अडकतोय किंवा प्रॉपेलर मोठा पडतोय. दोन्ही तापले असतील तर कूलिंगचं पाणी येत नसेल. नुसता कनेक्टर तापला असेल तर पीन सैल आहे किंवा सोल्डर कच्चं आहे, तेवढंच दुरुस्त करा.

मग मागच्या भिंतीतलं निचऱ्याचं रबरी बूच काढा आणि बोट शेपटीवर उभी धरा. चमचा-दोन चमचे पाणी जवळपास प्रत्येक बोटीतून निघतं. अर्धी वाटी निघालं तर कुठून आलं ते शोधायला हवं. संशयाच्या जागा चारच: शाफ्टची नळी, रडरचा रॉड बाहेर पडतो तिथला रबरी बेलो, झाकणाची टेप आणि कूलिंगच्या नळ्यांचे जोड. घरी बादलीत किंवा टबमध्ये बोट हाताने दाबून धरा आणि आत या जागांवर टिश्यू पेपरचे तुकडे ठेवा. जो आधी ओला होईल तिथे गळती. कूलिंगचे जोड मात्र अशा परीक्षेत सापडत नाहीत. त्यांच्यातून सिरिंजने पाणी ढकलूनच पाहावं लागतं.

खाडीवर जाताना पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन गाडीत ठेवा. बोटीची मागची बाजू, स्ट्रट, रडर, ट्रिम टॅब तिथेच धुऊन काढा. क्षार ओले असताना सहज निघतात, वाळल्यावर फटीत बसतात. आत खारं पाणी शिरलं असेल तर बॅटऱ्या बाहेर काढून, रिसीव्हरच्या डबीचं झाकण पक्कं आहे हे पाहून, लिटरभर गोडं पाणी आत ओता, हलवा आणि काढून टाका. असं दोनदा करा. सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरला गोड्या पाण्याने काही होत नाही. तिला तसंच सुकू देणं मात्र चालत नाही, बेअरिंगचं काम त्याच दिवशी व्हायला हवं. निघताना बोट झाकण उघडं ठेवूनच न्या.

घरी आल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम शाफ्टचं. फ्लेक्स केबल म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या स्टीलच्या तारांचा दोर. तारांमधल्या बारीक फटींतून पाणी वर ओढलं जातं, नळीत राहतं, आणि आतलं ग्रीस पाण्यात मिसळून दुधाळ होतं. बाहेरून पाहिलं तर ग्रीस भरलेलंच दिसतं. म्हणून मागून थोडं ग्रीस ढकलून 'झालं' म्हणणं पुरत नाही, केबल बाहेर काढावीच लागते. गोड्या पाण्यात असाल तर दिवसाचं चालवणं संपल्यावर एकदा. खाऱ्या पाण्यात असाल तर त्याच संध्याकाळी, कितीही उशीर झाला असला तरी, कारण खारं पाणी लागलेल्या केबलवर एका रात्रीत तांबेरा दिसू लागतो.

काढण्यापूर्वी मार्कर घ्या आणि केबल जिथे कपलरमध्ये (केबल मोटरला जोडणाऱ्या भागात) शिरते तिथे खूण करा. परत बसवताना ही खूण फार उपयोगी पडते. कॉलेट पद्धतीचा, म्हणजे नट आवळून केबल पकडणारा कपलर असेल तर दोन पाने लागतात, एकाने मोटरकडचा भाग धरायचा आणि दुसऱ्याने नट सैल करायचा. एकाच पान्याने जोर लावलात तर मोटरचा शाफ्ट वाकतो. ग्रब स्क्रूचा (बिनडोक्याच्या स्क्रूचा) कपलर असेल तर चांगल्या दर्जाची अ‍ॅलन की वापरा. स्वस्त किल्लीने स्क्रूचं षटकोन गोल झालं की पुढचा तास ड्रिल करण्यात जातो. नंतर प्रॉपेलरवर जाड फडकं गुंडाळून केबल मागून सरळ ओढा.

बाहेर आलेली केबल आधी जुन्या सुती फडक्याने पुसा, मग रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण कोरडी करा. आता उजेडात धरून नीट पाहा. फडकं केबलवरून सावकाश फिरवताना एखादा धागा अडकला तर तिथे तार तुटलेली आहे. ही तुटलेली तार बोटात घुसते, म्हणून उघड्या हाताने चाचपू नका. तार तुटलेली केबल फेकायची, कारण ती पुढे नेमकी पूर्ण वेगात तुटते आणि मागचं टोक प्रॉपेलरसकट पाण्याखाली जातं. एखाद्या भागावर निळसर झाक असेल तर तिथे केबल तापली आहे, म्हणजे नळीत घासते आहे किंवा ग्रीस संपलं आहे. एकाच बाजूला चकचकीत सपाट पट्टा असेल तर नळीचा बाक आणि मोटरची रेषा जुळत नाही. वरवरचा तांबेरा घासून निघतो आणि केबल चालते. नखाला खड्डे लागले तर बदला.

नळीची सफाई बहुतेक जण सोडून देतात. एका लांब, गुळगुळीत तारेच्या टोकाला आकडा करून सुती कापडाची अरुंद पट्टी अडकवा आणि मोटरकडून मागच्या बाजूला ओढत न्या. पहिली पट्टी काळी-करडी निघेल, दुसरी त्याहून कमी. कापड स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. काळं ग्रीस हे झिजलेल्या धातूचं लक्षण आहे, थोडं असणं साहजिक आहे. पिवळी चमकदार कणी दिसली तर पितळेची नळी खाल्ली जाते आहे. नळीत टेफ्लॉनचं अस्तर असेल तर ते मागे किंवा पुढे सरकलेलं नाही ना, हे पाहा. सरकलेलं अस्तर स्ट्रटच्या बुशिंगला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या आतल्या बाहीला) टेकून केबल जाम करतं.

ग्रीस कोणतं, हा प्रश्न हमखास येतो. पाण्याने धुऊन न जाणारं मरीन ग्रीस वापरा. कॅल्शियम सल्फोनेटचं मिळालं तर खाऱ्या पाण्यासाठी तेच घ्या, कारण ते गंजालाही रोखतं. गाडीच्या बेअरिंगचं साधं लिथियम ग्रीस गोड्या पाण्यात चालून जातं, फक्त ते लवकर दुधाळ होतं, म्हणून जास्त वेळा बदलावं लागतं. ग्राफाइट मिसळलेलं ग्रीस खाऱ्या पाण्यात मी टाळतो. ग्राफाइट वीज वाहून नेतं आणि धातूंची झीज वाढवतं. घट्ट ग्रीसने मोटरवर ताण येतो, त्यामुळे फार जाडही नको. दोन बोटांमध्ये चोळल्यावर सहज पसरावं इतपत मऊ असलेलं बरं. ३० सेंटिमीटरच्या केबलला साधारण २ ते ३ मिलीलिटर पुरतं.

ग्रीस केबलवर चोळून तारांच्या खाचांत बसवा आणि केबल गोल फिरवत नळीत घाला. मोटरकडचे शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडे ठेवा. तिथलं ग्रीस काही उपयोगाचं नसतं, ते कॉलेटमध्ये शिरून पकड सैल करतं आणि उरलेलं फिरताना बोटीच्या आत सगळीकडे उडतं. कॉलेटमध्ये बसणारं टोक अल्कोहोलने पुसून घ्या.

आता ज्यामुळे नव्या लोकांच्या केबली आणि बुशिंग सर्वात जास्त खराब होतात ते अंतर. केबलच्या मागच्या टोकावर ड्राइव्ह डॉग असतो, तो प्रॉपेलरला फिरवतो. हा ड्राइव्ह डॉग स्ट्रटला अगदी चिकटवून बसवायचा नाही, मध्ये २ ते ३ मिलीमीटर फट ठेवायची. मोटरचा जोर लागला की केबलचा पीळ घट्ट होतो आणि तिची लांबी किंचित कमी होते. फट नसेल तर ड्राइव्ह डॉग स्ट्रटवर आवळला जातो, केबल ताणली जाते, मोटर तापते आणि बॅटरी वेळेआधी उतरते. चालवणाऱ्याला वाटतं बॅटरी जुनी झाली. फट पाच-सहा मिलीमीटरपर्यंत वाढली तर उघडा पडलेला भाग थरथरतो आणि बुशिंग लंबगोल झिजतं. तुम्ही आधी केलेली मार्करची खूण इथे कामाला येते, पण केबल नवी असेल तर मोजूनच बसवा. दोन्ही पान्यांनी कॉलेट आवळल्यावर प्रॉपेलर हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. मोटरच्या चुंबकांचे टप्पे जाणवतील, ते ठीक. त्याखेरीज एकाच जागी जड लागत असेल तर मोटर आणि नळी एका रेषेत नाहीत.

कूलिंगचं काम पाच मिनिटांचं आहे. रडरमधल्या पाणी घेणाऱ्या भोकाला सिलिकॉनची नळी लावून ५० मिलीलिटरच्या सिरिंजने गोडं पाणी ढकला. दुसऱ्या बाजूने सरळ धार यायला हवी. ठिबकत असेल तर आत वाळू, शेवाळ किंवा नळीला पडलेली घडी आहे. अशा वेळी बाहेर पडण्याच्या बाजूने उलटं पाणी सोडा, अडकलेला कण आला त्याच वाटेने परत जातो. टाचणीने ढोसू नका, कण आणखी आत जाऊन ईएससीच्या बारीक नळीत बसतो. खाऱ्या पाण्यानंतर दोन-तीन सिरिंज पाणी आणि शेवटी रिकाम्या सिरिंजने हवा. मोटरचं कूलिंग जॅकेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आत राहिलेलं खारं पाणी ते आतून खातं आणि एक दिवस पाणी बोटीतच सुटतं. आणि हो, नुसतं तपासण्यासाठी बोट पाण्याबाहेर जोरात फिरवू नका. कूलिंग तर नसतंच, शिवाय स्ट्रटच्या बुशिंगला मिळणारं पाणीही नसतं. क्षणभर, कमी वेगात, एवढंच.

मोटरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर आधी पाणी हटवणारा स्प्रे मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, वाहिलेलं पुसा आणि मग प्रत्येकावर पातळ मशीन ऑइलचा एकच थेंब सोडा. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पाणी बाहेर काढायला चांगला आहे, पण तो बेअरिंगमधलं मूळ ग्रीसही धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. स्प्रे मारून तेल न घालता ठेवलेली मोटर काही दिवसांनी किंचाळायला लागते. पुढचं बेअरिंग कपलरच्या मागे असतं, तिथे सुईच्या टोकाची तेलाची बाटली वापरा. तेल जास्त झालं तर ते वाइंडिंगवर धूळ आणि ओल धरून ठेवतं.

कनेक्टर पाहा. सोनेरी पिनांवर काळपट किंवा हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. अल्कोहोलची वाफ पेट घेते, त्यामुळे बॅटरी दुसऱ्या खोलीत ठेवून, खिडकी उघडी ठेवून हे करायचं. मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ लेप द्या. रिसीव्हरची डबी उघडा, आत ओल आहे का बघा. सर्व्होचा आर्म हाताने न फिरवता रिमोटने हलवून पाहा, गिअर वाचतात. २.४ गिगाहर्ट्‌झचे संदेश पाण्यातून जवळजवळ जात नाहीत, म्हणून अँटेनाचं टोक उभं आणि पाण्याच्या पातळीच्या वर असू द्या. अँटेना निघून आत पडली आहे हे काठावर कळत नाही, पन्नास मीटरवर कळतं.

प्रॉपेलरच्या मागे, ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रटच्या मधल्या त्या दोन-तीन मिलीमीटरच्या फटीत काय अडकलंय ते मुद्दाम पाहा. खाडीत मासेमारीचा नायलॉन धागा, तलावांत जलपर्णीची मुळं, आणि गणपती विसर्जनानंतर काही आठवडे निर्माल्याच्या हारांचा दोरा हमखास गुंडाळला जातो. नायलॉनचा धागा फिरताना तापतो, वितळून बुशिंगला चिकटतो आणि नुसत्या नजरेला ग्रीससारखा दिसतो. प्रॉपेलर काढूनच खात्री होते. पात्याच्या कडेला दगड लागून खाच पडली असेल तर बारीक कानसने दोन्ही पाती सारखी करा आणि आडव्या रॉडवर समतोल तपासा. जे पातं खाली येतं त्याच्या मागच्या बाजूने पॉलिश पेपरने थोडं थोडं घासायचं, कडेने कधीच नाही. प्लॅस्टिकच्या प्रॉपेलरला मुळाशी पांढरी रेघ दिसली तर ती तडा आहे, तो बदला. मोटर माउंट आणि रडरचे सैल झालेले स्क्रू निळ्या थ्रेडलॉकरने पुन्हा बसवा. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र ते लावू नका, एबीएस प्लॅस्टिकला तडे जातात.

हे सगळं झाल्यावर आतला फोम काढा. तरंगण्यासाठी बसवलेल्या या फोमच्या खाली पाणी दिवसेंदिवस राहतं आणि झाकण उघडं ठेवूनही तिथलं सुकत नाही. बोट शेपटीकडे थोडी उतरती ठेवून, बूच आणि झाकण काढून, रात्रभर पंख्याखाली. हेअर ड्रायर नको आणि मेच्या उन्हातली बंद गाडी तर नकोच, कारण डेकल (स्टिकर) सुटतात आणि चिकटवलेले जोड सैल होतात. ठेवतानाही झाकण नुसतं वर टेकवा, टेप लावू नका. सिलिका जेलची पुडी ठेवा हवी तर, पण आधी सुकवलेल्या बोटीतच. ओल्या बोटीत एक पुडी तासाभरात भरते.

आता बॅटरी. तुमची बॅटरी फुगली ती फुल चार्ज करून पाच आठवडे ठेवल्यामुळे, आणि बहुधा खाडीवर ती गरजेपेक्षा जास्त उतरवली गेल्यामुळेही. लिपोचा सेल ४.२० व्होल्टला भरलेला असताना आतल्या रासायनिक क्रिया वेगाने चालू असतात, त्यातून वायू तयार होतो, आणि उकाड्यात हे आणखी वाढतं. ठेवायची असेल तेव्हा सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्ट, म्हणजे ३एसला ११.४ ते ११.५५ व्होल्ट. दोन-तीन दिवसांच्या आत पुन्हा चालवणार नसाल तर हे त्याच दिवशी करायचं.

इथे एक व्यावहारिक गोष्ट आहे. बोट चालवून बॅटरीत २० टक्के उरले असतील, म्हणजे थोडी विसावल्यावर सेलमागे साधारण ३.७ ते ३.७५ व्होल्ट, तर या ठेवणीच्या (स्टोरेज) पातळीला आणायला १५०० एमएएच भरावे लागतात. ५ अँपिअरने ते वीसेक मिनिटांत होतं. पण फुल भरलेली, न वापरलेली बॅटरी स्टोरेजपर्यंत उतरवायची म्हटलं तर छोटे चार्जर ५ वॅटनेच उतरवतात आणि त्याला पाच तासांहून जास्त लागतात. त्यामुळे जेवढ्या बॅटऱ्या नक्की चालवणार तेवढ्याच सकाळी भरा. दोन्ही बाबतींत बॅटरी हाताला गार लागेपर्यंत, निदान अर्धा तास, चार्जरला लावू नका. चार्जिंगचा दर १सी, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, नेहमी बॅलन्स लीड (प्रत्येक सेल चार्जरला वेगळा जोडणारी बारीक वायर) जोडून. चालवून आल्यावर सेल-सेलमध्ये ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसत असेल तर त्या बॅटरीवर लक्ष ठेवा, मागे पडणारा सेल पुढच्या वेळी ३ व्होल्टच्या खाली जातो आणि तिथून परतत नाही. बोटीचा लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी ठरावीक व्होल्टला उतरली की मोटरचा जोर कमी करणारी सेटिंग) कमी लावलेला असेल तर सेलमागे ३.४ व्होल्टवर आणा. वेग कमी झाला की तसंच काठाला यायचं, थोडं थांबून पुन्हा थ्रॉटल द्यायचा नाही.

तुमच्या आत्ताच्या बोटीचं काय करायचं, ते सांगतो. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. मोकळ्या जागी, फरशीवर, १२ व्होल्टचा २१ वॅटचा गाडीचा बल्ब जोडून पूर्ण उतरवा. बल्ब विझल्यावरही रात्रभर तसाच ठेवा. मग दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. दुसरी बॅटरी फुगलेली नसेल तर सेलचे व्होल्ट मोजा आणि आजच स्टोरेजवर आणा.

खरखर कुठली ते शोधायला कपलर सोडवून मोटर एकटी फिरवा. मोटर गुळगुळीत फिरली तर दोष केबल-नळीत आहे आणि वर सांगितलेल्या सफाईने किंवा नव्या केबलने काम होईल. मोटरच खरखरत असेल तर बेअरिंग बदला, तेलाने आता भागणार नाही, गंजाचे खड्डे पडलेले असतात. जुन्या बेअरिंगवर क्रमांक असतो. उदाहरणार्थ ६९५ म्हणजे ५ × १३ × ४ मिलीमीटर. कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात हा क्रमांक सांगितला की मिळतं. झेडझेड म्हणजे धातूची झाकणं आणि २आरएस म्हणजे रबरी सील. खाडीत चालवणार असाल तर २आरएस घ्या, किंचित जड फिरतं पण पाणी बरंच अडवतं. तांबूस डाग फक्त मोटरच्या शाफ्टवर असतील तर तेल आणि बारीक स्टील वूलने पुसून निघतात, त्याची काळजी नको. पण पुसलेली कणी मोटरमध्ये जाऊ देऊ नका, आतली चुंबकं ती धरून ठेवतात.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा पाण्यात सोडाल तेव्हा दीड मिनिट मध्यम वेगाने चालवून काठाला आणा आणि बॅटरी सोडवून स्ट्रटला हात लावा. कोमट असेल तर पुढे चालवा. हात टिकत नसेल तर कॉलेट सैल करून ती २ ते ३ मिलीमीटरची फट पुन्हा मोजा.